रिव्ह्यू विकत घेऊ नका, आधी दिवसाच्या कॉलचा हिशोब बसवा

प्रश्न : घरगुती उपकरणं दुरुस्त करण्याचा माझा व्यवसाय आहे. फ्रिज, एसी, वॉशिंग मशीन. चार वर्षं झाली. सहा टेक्निशियन, फोनवर दोघी, हिशोबाला एक आणि मी. प्रत्येक टेक्निशियनला दिवसाला ९ कॉल देतो, म्हणजे ९ घरी पाठवतो, सकाळी ९ पासून तासाला एक. एका कामाला सरासरी ४५ मिनिटं लागतात आणि रस्त्यात २५ मिनिटं जातात. गूगलवर आमचे १२ रिव्ह्यू होते, सरासरी ४.५. गेल्या दोन महिन्यांत तिघांनी एकेक स्टार दिला आणि रेटिंग ३.८ वर आलं. दोघांचं म्हणणं, 'चारला येतो म्हणाले, सहा वाजले, साधा फोन नाही.' तिसऱ्याचं, 'सांगितली एक रक्कम, बिल दीडपट.' त्यातच काम सोडून गेलेल्या कुणीतरी नोकऱ्यांच्या साइटवर लिहिलंय की इथे जमणार नाहीत एवढे कॉल देतात आणि पार्ट चुकला की पगारातून कापतात. एक एजन्सी आठवडाभरात पाच स्टारचे ५० रिव्ह्यू देते म्हणते. भाची म्हणते, वेबसाइटवर 'आमची मूल्यं' असं पान टाका आणि ऑफिसातले फोटो रोज टाका. एजन्सीला काम द्यावं का? वाईट रिव्ह्यू काढता येतात का? आणि त्या माजी कर्मचाऱ्याला वकिलाची नोटीस पाठवू का?

उत्तर : तिन्ही प्रश्नांचं उत्तर 'नाही' असंच आहे. मधल्या प्रश्नाला थोडी पुस्ती जोडावी लागेल, ती पुढे येईलच. पण त्याआधी तुम्हीच दिलेले आकडे कागदावर मांडून बघा. नाराज ग्राहक आणि तुमचा माजी कर्मचारी एकमेकांना ओळखत नाहीत, तरी दोघे एकच गोष्ट सांगताहेत.

४५ मिनिटं काम आणि २५ मिनिटं रस्ता, म्हणजे एका कॉलला ७० मिनिटं. ऑफिस मात्र तासाला एक कॉल लावतं. पहिला कॉल ९ ला सुरू झाला, तर दुसरा १०.१० ला, तिसरा ११.२० ला, चौथा १२.३० ला. मग जेवणाची ४० मिनिटं धरा. पाचव्याला १ ची वेळ दिलेली असते, माणूस पोचतो २.२० ला. आठव्या ग्राहकाला तुमच्या ऑफिसने ४ ची वेळ दिलेली असते. त्याच्या दारात टेक्निशियन उभा राहतो ५.५० ला. 'चारला येतो म्हणाले, सहा वाजले' हे रिव्ह्यूतलं वाक्य इथून आलं. टेक्निशियन वाटेत कुठे रेंगाळला नाही, फोनवरच्या बाईही खोटं बोलल्या नाहीत. तुमचं वेळापत्रकच रोज सकाळी ९ वाजता उशिराचं ठरवून निघतं.

नववा कॉल ७ ला पडतो, म्हणजे तो होतच नाही. आठवाही बहुतेक उद्यावर जातो. सहा जणांचे मिळून रोज १२ शब्द मोडतात. आणि उद्याच्या नऊत कालचे दोन असतातच, म्हणजे नवी कामं तुम्ही आजही सातच घेताय. नऊवरून सातवर आलात तर धंदा घटेल ही भीती त्यामुळे बिनबुडाची आहे. घटेल तो फक्त शिव्यांचा वाटा.

सात कॉल असे बसवा. ग्राहकाला नेमकी वेळ देऊ नका, दोन तासांचा टप्पा द्या : ९ ते ११, ११ ते १, २ ते ४ आणि ४ ते ६. पहिल्या तीन टप्प्यांत प्रत्येकी दोन कॉल आणि शेवटच्यात मुद्दाम एकच, कारण दिवसभर साचलेला उशीर तिथे जिरतो. सहापैकी दोघांचा हा शेवटचा कॉलही मोकळा ठेवा. काल केलेलं काम आज पुन्हा बिघडलं, तर त्याच दिवशी कुणाला तरी पाठवता आलं पाहिजे. ही जागा राखली नाही तर दुबारा जाण्याचा कॉल कुणाच्या तरी पहिल्या वेळेत घुसतो आणि मागची सगळी रांग घसरते. कामानुसार वेळही वेगवेगळी धरा. फ्रिजचा गॅस भरायचा असेल तर व्हॅक्यूम करण्यातच, म्हणजे नळ्यांतली हवा काढून टाकण्यातच, बराच वेळ जातो, असं काम ४५ मिनिटांत मावत नाही. त्याला सरळ दोन कॉलची जागा द्या.

उशिराचा फोन कुणी करायचा हे आजच ठरवून टाका. आमच्या मते हे काम ऑफिसचं आहे, टेक्निशियनचं नाही. त्याचे हात मशीनमध्ये असतात. प्रत्येक काम संपल्यावर त्याने 'झालं' एवढाच मेसेज टाकायचा. पुढचा टप्पा चुकतोय असं दिसलं की फोनवरच्या दोघींपैकी एकीने ग्राहकाचा फोन येण्याआधी स्वतः फोन करायचा आणि दोन पर्याय द्यायचे : 'आज साडेचारपर्यंत येतील, किंवा उद्याची पहिली वेळ देते.' 'निघालेत, पोचतीलच' हे वाक्य ऑफिसात बंद करा. उशीर लोक सोसतात, पण आपल्याला गुंडाळलं जातंय हे कळलं की मग रिव्ह्यू लिहायला बसतात.

आता 'बिल दीडपट' या तक्रारीकडे. तिचं मूळ पगारकपातीत असण्याची शक्यता मोठी आहे, तपासून पाहा. समजा मशीनमधून पाणी बाहेर जात नाही. टेक्निशियनला वाटलं ड्रेन पंप गेला. त्याने पंप बदलला, पाणी तरी जाईना. मग लक्षात आलं की दोष पीसीबीत, म्हणजे मशीनच्या इलेक्ट्रॉनिक सर्किट बोर्डात आहे. सरळ मार्ग असा, की नवा पंप काढून परत न्यावा, जुना पुन्हा बसवावा आणि पीसीबीचे तेवढेच पैसे घ्यावेत. पण बसवलेला पंप दुकानदार परत घेत नाही आणि त्याची किंमत पगारातून कापली जाणार हे त्याला माहीत आहे. मग तो काय करतो? दोन्ही पार्ट बिलात लावतो आणि 'दोन्ही गेले होते' म्हणतो. त्या चुकीची किंमत तुम्ही वसूल केली खरी, पण ती ग्राहकाच्या खिशातून.

म्हणून कपात बंद करा आणि तिच्या जागी नियम असा ठेवा : चूक त्याच दिवशी सांगितली तर खर्च कंपनीचा, लपवली आणि नंतर सापडली तर मात्र जाब. (पगारातून असं परस्पर कापायला बऱ्याच ठिकाणच्या कामगार कायद्यात मर्यादा आहेत, तेही एकदा सल्लागाराकडून बघून घ्या.) नियम बदलल्यावर पहिले दोन-तीन महिने नोंदवलेल्या चुका वाढतील, दचकू नका. एमी एडमंडसन या संशोधिकेने हॉस्पिटलमधल्या औषधांच्या चुकांवर काम केलं होतं, १९९६ मध्ये ते प्रसिद्ध झालं. चांगल्या टीममध्ये चुका कमी असतील अशी तिची अपेक्षा होती, आकडे निघाले उलटे. चांगल्या टीममध्ये लोक चुका उघडपणे सांगत होते, म्हणून त्या जास्त दिसत होत्या. तुमच्या रजिस्टरमध्ये आज एकही चूक नोंदलेली नसेल, तर ती काळजीची गोष्ट आहे.

दराबाबत तीन गोष्टी पुरतात. व्हिजिट चार्ज फोनवरच सांगायचा, काम केलं तर तो बिलात वळता होतो की वेगळा लागतो यासकट. उपकरण उघडून तपासल्यावर, पण पार्ट लावण्याआधी, एस्टिमेट ग्राहकाच्या मोबाइलवर लेखी पाठवायचं आणि त्याचं 'हो' आल्याशिवाय पुढे जायचं नाही. आणि मध्येच खर्च वाढला तर हात थांबवून नवं एस्टिमेट पाठवायचं. तोंडी सांगितलेली रक्कम दोन तासांनी दोघांना वेगवेगळी आठवते, यात लबाडी कुणाचीच नसते. काढलेला पार्ट ग्राहकासमोर ठेवायची सवय लावा, वाद निम्म्यावर येतात.

फोनवरच्या दोघींना थोडा अधिकारही हवा. रिट्झ-कार्लटन हॉटेलांमध्ये पाहुण्याची अडचण सोडवण्यासाठी कर्मचाऱ्याला वरिष्ठांना न विचारता २,००० डॉलरपर्यंत खर्च करायची मुभा असल्याचं उदाहरण नेहमी दिलं जातं. तुम्हाला तेवढं नको, पण चूक आपली असेल तर व्हिजिट चार्ज माफ करणं आणि दुसऱ्या दिवशीची पहिली वेळ देणं हे त्यांनी तुम्हाला न विचारता करावं. प्रत्येक वेळी 'साहेबांना विचारून सांगते' म्हटलं की ग्राहक तासभर आणखी तापतो. माफ केलेल्या रकमा वहीत लिहायच्या. मर्यादेतल्या रकमेवर मात्र तुम्ही एकदाही भुवई उंचावू नका. एकदा उंचावलीत की अधिकार कागदावर राहील आणि फोन पुन्हा तुमच्याकडे येतील.

आठवड्यातून एकदा १५ मिनिटं सगळे उभ्याने जमा. विषय एकच : गेल्या आठवड्यात कुठला शब्द मोडला आणि कुठल्या नियमामुळे. कुणामुळे, हा प्रश्न त्या १५ मिनिटांत येऊ द्यायचा नाही. पहिली चूक तुम्ही स्वतःची सांगा, उदाहरण शोधायची गरज नाही, नऊ कॉलचं वेळापत्रक आहेच. एमआयटीचे एडगर शाइन यांनी संस्थांच्या संस्कृतीवर आयुष्यभर काम केलं. त्यांचा एक मुद्दा धंदा चालवणाऱ्याने लक्षात ठेवावा असा आहे : मालक कशाकडे लक्ष देतो, काय मोजतो आणि अडचणीच्या वेळी कसा वागतो, त्यावरून लोक इथलं खरं काय ते ओळखतात. तुम्ही आजवर कॉलची संख्या मोजलीत, टेक्निशियनने संख्या दिली.

आता ऑनलाइनकडे वळू. एजन्सीला नाही म्हणायचं कारण नीतीचं आहेच, पण हिशोबाचंही आहे. खोटे रिव्ह्यू गूगलच्या धोरणात बसत नाहीत. पकडले गेले तर ते काढले जातातच, शिवाय काही काळ नवे रिव्ह्यू घेणं बंद होऊ शकतं आणि खोटे रिव्ह्यू काढल्याची सूचना तुमच्या प्रोफाइलवर सगळ्यांना दिसेल अशी लागू शकते. अमेरिकेत तर २१ ऑक्टोबर २०२४ पासून खोटे रिव्ह्यू विकणं-विकत घेणं यावर दंडाचा नियमच लागू आहे. आणि यंत्रणेचं सोडा, चार वर्षांत १५ रिव्ह्यू आणि मग एका आठवड्यात ५०, हे कुठल्याही ग्राहकाला कळतं. त्या ५० जणांनी 'वेळेवर आले' लिहिलं आणि खरा माणूस पावणेदोन तास उशिरा पोचला, तर एकावनावा रिव्ह्यू काय असेल?

वाईट रिव्ह्यू काढण्याचं. गूगल फक्त धोरण मोडणारा मजकूर काढतं : शिवीगाळ, जाहिरात, कधी ग्राहकच नसलेल्याने लिहिलेलं, प्रतिस्पर्ध्याने किंवा आपल्याच माणसाने लिहिलेलं. ग्राहकाचं मत कडू आहे, एवढं कारण पुरत नाही. तुमचे तिन्ही रिव्ह्यू खरे दिसतात, त्यांची तक्रार करण्यात वेळ घालवू नका. त्यांना उत्तर द्या. उत्तर त्या ग्राहकासाठी असतंच, पण त्याहून जास्त ते पुढच्या महिन्यात तुमचं नाव शोधणाऱ्यासाठी असतं. बहुतेक मालक असं लिहितात : 'गैरसोयीबद्दल क्षमस्व. ग्राहकसमाधान हेच आमचं ध्येय. कृपया ऑफिसशी संपर्क साधा.' यातून वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. त्याऐवजी हे बघा :

'आम्ही तुम्हाला ४ ची वेळ दिली आणि जवळजवळ दोन तास उशिरा आलो, फोनही केला नाही. चूक आमची. आम्ही एका माणसाला दिवसात जमणार नाहीत एवढी कामं लावत होतो. या महिन्यापासून ती कमी केली आहेत आणि वेळ चुकणार असेल तर ऑफिसातून आधी फोन येतो. तुमचा व्हिजिट चार्ज परत करायचा आहे, त्यासाठी आज फोन करतो.'

काय झालं, का झालं, काय बदललं, आणि या ग्राहकासाठी काय करतोय. पाच वाक्यांच्या वर जाऊ नका. ग्राहकाचा पत्ता, फोन, बिलाची रक्कम असलं काही उत्तरात येऊ देऊ नका. 'आमच्या रेकॉर्डनुसार तुम्हीच घरी नव्हता' हे खरं असलं तरी उघड्यावर लिहू नका, तो वाद फोनवर मिटवा. नवा रिव्ह्यू आला की दोन दिवसांत उत्तर जायला हवं, पण राग आला असेल तर एक रात्र मध्ये जाऊ द्या. आणि पैसे परत केल्याच्या बदल्यात रिव्ह्यू काढायला किंवा बदलायला सांगू नका. मनात आलं तर ग्राहक स्वतःच बदलतो. 'या महिन्यापासून कमी केली आहेत' हे वाक्य मात्र खरोखर कमी केल्यावरच लिहायचं, म्हणून वेळापत्रक आधी, उत्तर नंतर.

नोटीस पाठवू नका. २००३ मध्ये गायिका बार्ब्रा स्ट्रायसँड यांनी समुद्रकिनाऱ्यावरच्या आपल्या घराचा फोटो एका साइटवरून काढण्यासाठी दावा लावला. दाव्याआधी तो फोटो सहाच वेळा डाउनलोड झाला होता, त्यातले दोन वेळा त्यांच्याच वकिलांनी केलेले. बातमी फुटल्यावर महिन्याभरात चार लाखांहून जास्त लोक ती साइट बघून गेले. तुमची नोटीसही स्क्रीनशॉट होऊन फिरेल, आणि आत्ता काम करणारे सहा जण त्यातून एवढंच शिकतील की इथे बोललं तर वकील येतो. शिवाय त्या माणसाने लिहिलेलं तुमच्याच पत्रावरून खरं ठरतंय. ग्लासडोअरसारख्या नोकऱ्यांच्या साइटवर कंपनी म्हणून मोफत खातं उघडून उत्तर देता येतं. तिथे लिहा की कॉल नऊवरून सात केले आणि चुकलेल्या पार्टची कपात बंद केली, अमुक महिन्यापासून. लिहिणारा कोण असेल याचा तर्क करू नका, आणि आहेत त्यांच्याकडून गोड रिव्ह्यू लिहवून घेऊ नका. पुढे कुणी सोडून जाईल तेव्हा शेवटच्या आठवड्यात हिशोब बघणाऱ्या व्यक्तीला त्याच्याशी बोलू द्या, तुम्ही नको : कुठल्या नियमामुळे काम अवघड झालं, ग्राहकाला काय सांगताना लाज वाटली, काय बदललं असतं तर थांबला असतास. दुसऱ्या प्रश्नाची उत्तरं सगळ्यात कामाची निघतात.

भाचीचा उत्साह वाया घालवू नका, काम बदलून द्या. 'प्रामाणिकपणा, गुणवत्ता, सचोटी' हे पान कुणी वाचत नाही, कारण त्यातलं काहीच तपासता येत नाही. त्या जागी 'आम्ही कसं काम करतो' असं पान करा : दोन तासांचा टप्पा, उशीर झाला तर आधी फोन, पार्ट लावण्याआधी लेखी एस्टिमेट, काढलेला पार्ट तुमच्यासमोर, दुरुस्तीची वॉरंटी इतके दिवस. फोटो खऱ्या कामाचे, कर्मचाऱ्याला विचारून. ग्राहकाच्या घराचा कोपरासुद्धा परवानगीशिवाय नको. रोज टाकायची गरज नाही.

तिने आणखी एक काम करावं, कंटाळवाणं पण महत्त्वाचं. गूगलचं बिझनेस प्रोफाइल, डोमेन (वेबसाइटचा पत्ता), सोशल मीडियाची खाती नक्की कुणाच्या नावावर आहेत ते शोधायचं. वेबसाइट करून देणाऱ्याने डोमेन स्वतःच्या ईमेलवर नोंदवलेलं असतं आणि दोन वर्षांनी तो फोन उचलत नाही, हे अगदी नेहमीचं. डोमेन कंपनीच्या नावावर घ्या, आपोआप नूतनीकरण चालू ठेवा, प्रोफाइलचे मुख्य मालक तुम्ही आणि बाकी सगळे व्यवस्थापक. सगळीकडे दोन टप्प्यांचं लॉगिन (पासवर्डनंतर मोबाइलवर येणारा कोड). काम सोडलेल्यांचा प्रवेश त्याच दिवशी बंद. मग नाव, पत्ता, फोन सगळीकडे अक्षरशः एकच करा, आणि सुट्टीच्या दिवसांच्या वेळा प्रोफाइलवर आधीच टाका. नावापुढे 'उत्तम एसी रिपेअर' वगैरे शेपटं लावू नका, गूगलला फलकावरचं खरं नावच चालतं.

राहिलं रेटिंग वर आणायचं. १५ रिव्ह्यू, सरासरी ३.८, म्हणजे एकूण ५७ स्टार. परत ४.५ व्हायला पाच-पाच स्टारचे सलग २१ रिव्ह्यू लागतील. तुम्ही दिवसाला ४० घरी जाणार आहात. शंभरात दोघांनीच लिहिलं असं हिशोबापुरतं धरलं, तरी २१ रिव्ह्यूंना कामाचे २६-२७ दिवस पुरतात. म्हणजे विकत घेण्यासारखं त्यात काही नव्हतंच. चार वर्षांत १५ आले, कारण कुणी मागितलेच नाहीत.

मागायची रीत : काम झाल्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, म्हणजे मशीन एकदा चालवून झालेलं असतं, एक छोटा मेसेज आणि रिव्ह्यूची लिंक. सगळ्यांना पाठवायची. खूश दिसणाऱ्यांनाच निवडून पाठवणं आणि बदल्यात सवलत देणं, दोन्ही गूगलच्या नियमांत बसत नाही. टेक्निशियनने दारात उभं राहून 'पाच स्टार द्या हं' म्हणायचं नाही, आणि रिव्ह्यूच्या संख्येवर त्याला बक्षीसही ठेवायचं नाही, नाहीतर तो तेच करत बसेल.

पण लिंक आजच पाठवू नका. आज पाठवलीत तर रोज मोडणारे ते १२ शब्दही लिहायला येतील. दोन्ही फोनजवळ एकेक कोरा कागद ठेवा आणि 'कुठपर्यंत आलेत तुमचे माणसं?' असा फोन आला की एक रेघ मारायला सांगा. आधी या आठवड्यात, जुन्याच वेळापत्रकावर, रोजच्या रेघा मोजा. मग सात कॉलवर या आणि मोजत राहा. दोन्ही कागद मिळून दिवसाला तीन रेघांच्या आत, असे सलग दोन आठवडे गेले की पहिली लिंक पाठवा.